साप्ताहिक ग्रंथ-पत्रक काढताय? या चुका टाळा

संशोधनाच्या ग्रंथालयातून दर आठवड्याला निघणारं पत्रक, म्हणजे नवी पुस्तकं आणि इंटरनेटवरची उपयोगी साधनं यांची ओळख, ही ग्रंथपालानं वाचकाला केलेली शिफारस असते. वाचकाचा वेळ वाचवा, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय. पत्रकातली नोंद त्या कसोटीला उतरली पाहिजे. सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांसाठी पत्रक काढताना नेमकं कुठं घसरायला होतं, ते पाहू.

नुसती लिंक देणं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. समजा, तासगाव तालुक्यातल्या जुन्या शेतीवर काम करणारी एक विद्यार्थिनी आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरची (इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार सरकारी माहितीग्रंथांची) लिंक देऊन पुढे ‘सातारा, खंड १९, १८८५’ एवढंच लिहिलं, तर ती ते उघडणारच नाही. तिच्या लेखी तासगाव सांगलीत. पण १८८५ साली तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि सांगली जिल्हा हे नाव १९६० मध्ये मिळालं.

म्हणून नोंदीखाली दोन ओळी हव्यातच: ‘आज सांगली जिल्ह्यात असलेल्या तासगाव, वाळवा, खानापूर तालुक्यांची माहितीही याच खंडात. १९४९ ते १९६० मधली कागदपत्रं शोधताना दक्षिण सातारा हे नाव टाकावं.’ जमलं तर स्पेलिंगचाही इशारा द्या. वाळवा कुठे व्ही अक्षरानं लिहिलेला सापडतो, कुठे डब्ल्यूनं. एकाच स्पेलिंगनं शोधून ‘काहीच नाही’ म्हणत परतणारे वाचक पुष्कळ असतात.

शके आणि इसवी सनाची गल्लत

जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर अनेकदा फक्त शक छापलेला असतो. शके १८२० पाहून नोंदीत ‘१८२०’ लिहिलं की पुस्तक एका फटक्यात ७८ वर्षांनी म्हातारं होतं. शकात ७८ मिळवा; जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळासाठी ७९. शके १८२० म्हणजे १८९८-९९. महिना छापलेला नसेल तर असं जोडवर्षच लिहावं, अंदाजानं एक साल ठोकून देऊ नये. स्कॅन केलेल्या प्रतींच्या ऑनलाइन नोंदींत ही चूक आधीच झालेली असू शकते, त्यामुळे तिथलं साल उतरवून घेण्याआधी आतलं पान उघडून बघा.

स्कॅन न चाळता यादीत घालणं

इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी स्कॅनिंग प्रकल्पातली असंख्य मराठी पुस्तकं आहेत. त्यांची नावं मात्र रोमन लिपीत कशीही लिहिलेली असतात. मधली पानं गळालेली असतात, कधी नकाशा अर्धाच आलेला असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या ग्रंथालयांची हजारो पुस्तकं भिजली. अशा ठिकाणी एखाद्या जुन्या पुस्तकाचं स्कॅन हाच वाचकाचा आधार ठरू शकतो. म्हणून कोणती पानं नाहीत, हे नोंदीत लिहायलाच हवं.

आणि स्कॅन उघडतं म्हणून ते हक्कमुक्त आहे, असं समजू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ‘मोफत डाउनलोड’ लिहिण्याआधी लेखकाच्या मृत्यूचं साल तपासा.

लिंक मरते, मजकूर शोधता येत नाही

सरकारी संकेतस्थळाची रचना बदलली की जुने पत्ते बंद पडतात. पत्रक काढतानाच त्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करून तोही पत्ता द्यावा. लेखाला डीओआय (न बदलणारा ओळख-क्रमांक) असेल तर तोच वापरावा. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतात. एका प्रकरणाची फाइल न देता प्रबंधाच्या मुख्य नोंदीचा हँडल (कायमचा पत्ता) द्या.

पीडीएफमध्ये मराठी अक्षरं दिसतात, पण शोधलं तर सापडत नाहीत आणि कॉपी केलं तर भलतीच चिन्हं येतात? मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सर्वमान्य अक्षरसंकेत-पद्धत येण्याआधीच्या फाँटमधला असणार. वाचकाला आधीच सांगा: अनुक्रमणिका पाहून पान गाठावं.

नव्या पुस्तकांत जुनी पुस्तकं

पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांत फरक आहे. मजकुरात भर पडली असेल तरच ‘सुधारित’ म्हणा, नाहीतर सरळ ‘पुनर्मुद्रण’ लिहा. मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नका, ती प्रकाशकाची जाहिरात असते. प्रस्तावना आणि सूची चाळून स्वतःच्या दोन ओळी लिहा: कोणती कागदपत्रं वापरली आहेत, संदर्भसूची आहे का, कोणत्या विषयाच्या विद्यार्थ्याला उपयोगी. या दोन ओळींवर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) पडलेला नाही, वर्गीकरण व्हायचंय, अशी पुस्तकं यादीत घेऊ नयेत. वाई किंवा जतहून एसटीनं आलेल्या माणसाला ‘पुस्तक आलंय, पण अजून देता येत नाही’ हे ऐकवणं बरं नाही. वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि कपाट दोन्ही छापा.

चुकीची दुरुस्ती गुपचूप करणं

चूक सापडली की पुढच्या पत्रकात सगळ्यांत वर, जुन्या पत्रकाचा क्रमांक आणि नोंद देऊन दुरुस्ती छापा. फाइलला लावलेल्या प्रतीवरही ती तारखेसह लिहा, कारण प्रबंधाच्या तळटिपेत साल टाकणारा विद्यार्थी बहुधा तीच प्रत समोर घेऊन बसलेला असतो.