निसिन कर्करोगाच्या पेशींवर तपासताना आधी मिठाचा हिशोब करा

निसिन म्हणजे लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूने तयार केलेलं ३४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. चीजसारखे पदार्थ टिकवायला ते वापरतात. त्याच्यावर धनप्रभार असतो, आणि कर्करोगाच्या पेशींच्या बाहेरच्या पटलावर ऋणप्रभाराचं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद निरोगी पेशींपेक्षा जास्त असतं. म्हणून ते तिथे तपासून पाहण्यात अर्थ आहे.

घोळ होतो तो पावडरीत. सहज मिळणाऱ्या पावडरीत निसिन २.५ टक्केच असतं; बाकी मुख्यतः मीठ आणि दुधातले घन पदार्थ. दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम निसिन हवं तर ४ मिलिग्रॅम पावडर घालावी लागते आणि तिच्याबरोबर सुमारे ३ मिलिग्रॅम मीठ जातं. मीडियमची (पेशी वाढवायच्या द्रवाची) ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, दर किलोला २९० मिलिऑस्मोलच्या आसपास असते, ती ३९० च्या घरात पोचते. पेशी मिठाने आक्रसतात आणि श्रेय निसिनला मिळतं. तेव्हा ९५ टक्क्यांहून शुद्ध निसिन घ्या. ते परवडत नसेल तर प्रत्येक मात्रेच्या शेजारी तेवढंच मीठ घातलेले, निसिन नसलेले तीन वेल (प्लेटमधले छोटे खळगे) ठेवाच.

निसिन आम्लात विरघळतं, ७.४ पीएचला त्याची विद्राव्यता फार घटते. ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं साठ्याचं द्रावण (स्टॉक) करा, ०.२२ मायक्रॉनच्या पीईएस (पॉलीइथरसल्फोन) फिल्टरमधून गाळा, छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. मीडियममध्ये मिसळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसले, तर ती मात्रा बाद. मीडियम पिवळं पडलं तर आम्ल जास्त झालंय.

पेशी एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) घेता येतील. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून पेशीवाण मिळतात. आल्यावर आधी मायकोप्लाझ्मा तपासा. हा जिवाणू स्वतःच एमटीटीचा (जिवंत पेशी मोजायच्या रंगद्रव्याचा) रंग बदलतो, त्यामुळे आकडे खोटे येतात.

९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ८००० पेशी, १०० मायक्रोलिटर मीडियममध्ये. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, म्हणून तिथे पेशी न घालता नुसतं बफर भरा. २४ तासांनी दुप्पट तीव्रतेचं निसिन १०० मायक्रोलिटर घाला. अंतिम मात्रा ४०० पासून निम्म्या-निम्म्या करत ३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत उतरवा. आम्ल मात्र सगळ्या वेलमध्ये सारखं ठेवा. प्रत्येक मात्रेला तीन वेल. सोबत नुसत्या आम्लाचे वेल आणि खात्रीसाठी डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाचे वेल हवेत. आणखी २४ तासांनी ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं एमटीटी २० मायक्रोलिटर घालून ३ तास ३७ अंशांवर ठेवा. मीडियम काढताना घाई नको, तळाचे जांभळे स्फटिक टिपमध्ये सहज ओढले जातात. ते १०० मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन घ्या.

शेजारी कर्करोग नसलेल्या पेशी हव्यातच. मात्र एमसीएफ-१०ए निवडल्या तर त्यांचं मीडियम आणि सिरम वेगळं असतं, आणि सिरममधली प्रथिनं पेप्टाइडला धरून ठेवू शकतात. म्हणून निसिनचे २४ तास दोन्हींना सिरमचं प्रमाण सारखं ठेवा, नाहीतर दिसणारा फरक सिरमचाही असू शकतो.

शेवटी लाल रक्तपेशी. २ टक्के निलंबनात त्याच मात्रा तासभर ३७ अंशांवर ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरला वाचन घ्या. सगळ्या पेशी फुटल्याच्या, म्हणजे १०० टक्क्यांच्या, वाचनासाठी ०.१ टक्के ट्रायटन हा डिटर्जंट. कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या मात्रेलाच रक्तपेशी फुटत असतील, तर ते निसिन उंदरांपर्यंत नेऊ नका.