लाटण्याचे सेल: जुना रेडिओ चार्जरवर कसा चालवावा

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी आईचा रेडिओ पहाटेच सुरू होतो. आकाशवाणी नाशिक, १०१.४. त्याला दोन मोठे सेल लागतात आणि दिवसभर चालला की ते भराभर उतरतात. अ‍ॅडॉप्टर लावायला रेडिओला जागाच नाही. तो उघडून आत तारा डकवणं मला पटेना, म्हणून मी खोटे सेल केले. रेडिओ आहे तसा राहतो, आणि लाइट गेली की खोटे काढून खरे घालता येतात.

आधी हिशोब. एक सेल १.५ व्होल्टचा, दोन एकापुढे एक म्हणजे ३. मोबाइलचा जुना, यूएसबीच्या चौकोनी भोकाचा चार्जर ५ व्होल्ट देतो. वरचे २ व्होल्ट उतरवायला १एन४००७ जातीचे तीन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) एकामागे एक लावायचे. प्रत्येक जण साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो. तीन सेलच्या वस्तूला, म्हणजे ४.५ व्होल्टला, एकच डायोड पुरे. महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डायोड सुटे मिळतात. सोबत १ किलोओहमचा एक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग) घ्या. तो कशाला, ते पुढे येईलच.

आता सेल. मोठा सेल सुमारे ३४ मिलिमीटर जाड आणि ६१ मिलिमीटर लांब असतो. आमच्याकडे टोक तुटलेलं लाटणं पडून होतं, त्याच्या मधल्या भागाचे ५७ मिलिमीटरचे दोन तुकडे कापले. लाटणं थोडं बारीक असेल तर वर पुठ्ठा गुंडाळा. प्रत्येक तुकड्याच्या एकाच टोकाला मधोमध पितळी स्क्रू बसवा. दुसरं टोक कोरं लाकूडच राहू द्या. रेडिओला वीज हवी ती फक्त दोन ठिकाणी: अधिकच्या पत्रीला आणि उणेच्या स्प्रिंगला. दोन्ही सेल जोडणारी मधली पट्टी रिकामीच राहते. सेल ढिला बसला तर स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढा, घट्ट बसला तर आत फिरवा.

यूएसबीच्या जुन्या वायरीचं फोनकडचं टोक कापा. आत बहुधा लाल अधिक आणि काळी उणे असते, पण रंगावर विसंबू नका. स्वस्त वायरीत रंग उलटे निघालेले मी पाहिले आहेत. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावूनच ठरवा. हिरवी, पांढरी वायर असेल तर ती वेगवेगळी टेपने बंद करा. अधिकच्या वायरीत तिन्ही डायोड सोल्डर करा, चंदेरी पट्टा रेडिओच्या बाजूला. डायोडच्या पुढे, अधिक आणि उणेच्या मध्ये तो रेझिस्टर जोडा. उघडे सांधे टेपने नीट झाका. मग अधिकची वायर एका स्क्रूच्या डोक्याखाली आवळा, उणेची दुसऱ्या.

रेडिओत घालण्याआधी चार्जर लावून दोन स्क्रूंमध्ये मोजा. ही पायरी गाळू नका. मी एकदा गाळली होती, अधिक-उणे उलटं गेलं आणि एक छोटा रेडिओ कायमचा मुका झाला. आकडा ३ ते ३.३ व्होल्ट यायला हवा. रेझिस्टर नसेल तर तो ४ च्या आसपास दिसतो, कारण वीज वाहिलीच नाही तर डायोड पुरेसे व्होल्ट खात नाहीत.

चार्जर काढा, खोटे सेल बसवा: अधिकचा स्क्रू अधिकच्या पत्रीला आणि उणेचा स्प्रिंगला टेकेल असे. वायरीला आतल्या बाजूने गाठ मारा म्हणजे ओढली तरी स्क्रूवर ताण येत नाही. झाकणाच्या कडेला कानसेने छोटी खाच पाडली की वायर बाहेर येते.

तीन गोष्टी मात्र पाळाच. खोट्यासोबत खरा सेल कधीही ठेवू नका. त्यात उलटी वीज शिरून तो गळू किंवा फुटू शकतो. चार्जर चांगला, बीआयएस नोंदणीची खूण असलेला घ्या आणि तो उघडू नका, आत २३० व्होल्ट असतात. आणि मुलांची खेळणी, रक्तदाबाचं यंत्र, मोरीजवळची वस्तू यांवर हा प्रयोग नको.

मीडियम वेव्हवर खरखर आली तर चार्जर रेडिओपासून हातभर लांब न्या. एफएमवर आम्हाला काही जाणवलं नाही. पहिला अर्धा तास शेजारी बसून ऐका, मग डायोडच्या सांध्याला बोट लावा. कोमट असेल तर चालू द्या. चटका बसला तर लगेच चार्जर काढा आणि वायरी कुठे एकमेकींना टेकल्यात का ते बघा.