पॅकर्स येण्याआधी एक बाथरूम कुलूपबंद करा

परदेशी बिऱ्हाड हलवताना सामान बांधायला येणारी पॅकर्सची माणसं झपाट्याने काम करतात, समोर दिसेल ते खोक्यात जातं. कोथरूडच्या आमच्या घरातून लेकीची गोधडी अशीच गेली. जहाजाने पाठवलेलं सामान पोचायला कित्येक आठवडे लागतात. तोवर रोज रात्री रडारड.

१. आदल्या रात्री एक बाथरूम पुसून कोरडं करा.

२. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, मुलांची औषधं, प्रवासाचे कपडे, आवडतं खेळणं आणि गोधडी आत ठेवा. गोधडी मुद्दाम धुऊ नका, नव्या घरात तोच ओळखीचा वास मुलांना झोपवतो.

३. कुलूप लावा, दारावर 'हे न्यायचं नाही' अशी चिठ्ठी चिकटवा. सुपरवायझरला तोंडीही सांगा.

नळ गळत असेल तर ते बाथरूम नको, कागद भिजतील.