भेंडीपानाची कपाशी आणि माझी टकली सरकी

ठाण्यात राहून कपाशीवर प्रकल्प घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, 'इथे कुठेय कपाशी?' नाहीच. मी कळव्यात गच्चीवर चार कुंड्या लावल्या त्या फक्त पान ओळखायला. सरकी विदर्भातून पिशव्यांतून आली आणि तपासणी झाली कोपरखैरण्याला एका लॅबमध्ये.

विषय होता पानाचा आकार आणि सरकीतली पोषकद्रव्यं. साधं पान रुंद, 'ओक्रा लीफ' भेंडीच्या पानासारखं खोल कापलेलं. यामागचं मुख्य जनुक १५ व्या गुणसूत्रावर आहे, आणि ते एलएमआय१ या पानाचा आकार ठरवणाऱ्या जनुकांच्या प्रकारातलं असल्याचं २०१७ मध्ये दाखवलं गेलं. वर्चस्व अपूर्ण, म्हणजे संकरित झाडाचं पान दोन्हींच्या मधलं, म्हणून संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत (एफ-२) रुंद, मधलं आणि भेंडीपान १:२:१. भेंडीपानाच्या झाडात ऊन खालच्या बोंडांपर्यंत जातं, हवा खेळते, बोंडं कमी सडतात. पण पानांचं एकूण क्षेत्रफळ घटतं. सरकी भरताना नत्र आणि स्फुरद मोठ्या प्रमाणात पानांतूनच उचललं जातं, कॅल्शियम मात्र तसं हलत नाही. तेव्हा पान बदललं तर प्रथिनं, तेल, खनिजं बदलतील का, हा प्रश्न रास्तच आहे.

तुलना निअर आयसोजेनिक लाइन्सचीच करा, म्हणजे पानाचं जनुक सोडून बाकी जवळजवळ सारख्या वाणांची. सहा बॅकक्रॉसनंतर, म्हणजे मूळ वाणाशी सहा वेळा पुन्हा संकर केल्यावर, सरासरी ९९ टक्के जनुकं मूळ वाणाची होतात, मग फरक पानाचा म्हणता येतो. देशी कपाशीची पानंही खोल कापलेली असतात म्हणून ती शेजारी ठेवू नका, ती जातच वेगळी. हे मला माहीत होतं. मी पडले ते दुसऱ्याच खड्ड्यात.

माझ्या निकालात भेंडीपानाची सरकी प्रथिनांत दोन टक्क्यांनी पुढे. तीन महिने हवेत होते. एका सेमिनारला पोस्टरही लावलं. मग लॅबमधल्या जळगावच्या काकांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "पोरी, ही टकली आन् ही केसाळ. एका तराजूत कशा तोलल्या?"

भेंडीपानाची पिशवी आम्लाने तंतू काढून आलेली होती, रुंद पानाची मात्र जिनिंगमधून, म्हणजे कापसापासून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीतून, निघाली तशी केसाळ. सरकीवरचे बारीक तंतू म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्यात नत्र नाही म्हटलं तरी चालेल, पण वजन आहे. समजा १०० ग्रॅम केसाळ सरकीत १० ग्रॅम तंतू आणि २० ग्रॅम प्रथिनं. टक्केवारी २०. तंतू काढले, उरले ९० ग्रॅम, प्रथिनं तेवढीच. टक्केवारी २२.२. झाडाने काहीच केलं नाही! माझा शोध तो एवढाच. केल्डाल पद्धतीने नत्र मोजून, प्रथिनं काढायला त्याला ६.२५ ने गुणताना यंत्र, रसायन, सूत्र सगळं बरोबर होतं, म्हणून तर संशय आला नाही. सीनियरची एक्सेल शीट जशीच्या तशी वापरली होती. त्यात 'नमुन्याचं वजन' असा एकच रकाना. असल्या तयार शीटवर माझा आता राग आहे.

त्या दिवशी कोपरखैरणे ते ठाणे ट्रान्स हार्बरमध्ये खिडकीशी बसून रडले. हे सांगायचं कारण, तुम्हीही रडाल. चालतं.

नंतर पर्याय सोपा निघाला. सगळी सरकी एकाच पद्धतीने तंतुमुक्त करा, किंवा टरफल काढून फक्त मगज, म्हणजे आतला गर, घ्या, आणि टरफलाचं वजन वेगळं लिहा, कारण टरफल जाड असेल तर पूर्ण सरकीची टक्केवारी पुन्हा फसवते. हिशेब कोरड्या वजनावर. आम्लाने तंतू काढलेल्या सरकीत गंधक मोजू नका, ते सल्फ्युरिक आम्लातून आलेलं असू शकतं. नमुना एकाच वेचणीचा, झाडावरच्या एकाच उंचीच्या बोंडांचा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत कडू आहे. शोधनिबंधांची लांबलचक यादी असलेल्या सरांपेक्षा महिन्यातून एकदा तुमची बाटली हातात घेऊन बघणारे सर हवेत. माझे सर भले होते, पण त्यांनी आकडे पाहिले, सरकी नाही.

मगज घेऊन सगळं पुन्हा केलं तेव्हा प्रथिनांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. प्रबंधात 'फरक आढळला नाही' हे लिहायला हात धजत नव्हता, पण लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी पोस्टरबद्दल विचारलंच. मी दोन्ही बाटल्या पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या.