क्लबमध्ये ट्रेकचे अनुभव सांगताय? मग या चुका टाळा

तीनशे चाळीस फोटो! आमच्या क्लबच्या बैठकीत एका मेंबरने आठ दिवसांच्या ट्रेकचे एवढे फोटो आणले होते आणि पाऊण तास झाला तरी आम्ही पहिल्याच कॅम्पवर. माणूस अगदी मनापासून सांगत होता, ट्रेकसुद्धा खरंच भारी होता, पण मागच्या दोन रांगा मोबाईलमध्ये शिरलेल्या आणि पहिल्यांदाच आलेली एक मुलगी हळूच उठून निघून गेली. ती माझ्या शेजारीच बसली होती. मांडीवर वही, पानावर वर तारीख आणि ट्रेकचं नाव नीट लिहिलेलं, खाली पान कोरं. ती परत कधी आली नाही आणि मला ते अजून लागतं.

मी बरीच वर्षं या बैठका लावतेय. बहुतेक गडबड एकाच गोष्टीतून होते असं माझं मत झालंय, सांगणारा स्वतःच्या आठवणीत रमतो आणि समोरच्यातल्या कुणालातरी पुढच्या महिन्यात त्याच वाटेने जायचंय हे विसरतो.

फोटो जास्त, वाट गायब

साधा हिशोब करा. ३४० फोटो, प्रत्येकी फक्त १० सेकंद धरले तरी ५६ मिनिटं ४० सेकंद होतात, आणि १० सेकंदात कोण थांबतंय? पूर्वी स्लाइड प्रोजेक्टरचा गोल ट्रे असायचा त्यात साधारण ८० स्लाइड बसायच्या, म्हणजे निवड करावीच लागायची, आता ती सक्ती उरली नाही. पेचाकुचा नावाचा प्रकार माहीत असेल, २००३ मध्ये टोकियोत अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या आर्किटेक्ट जोडीने सुरू केला, २० स्लाइड, प्रत्येकीला २० सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद, बास. आम्ही तो तसाच्या तसा घेतला नाही, ओढ्यापाशी एक मिनिट थांबावं लागतं आणि पठारावरून पाच सेकंदात पुढे जाता येतं, पण जास्तीत जास्त ३० फोटो आणि २० मिनिटं हा नियम केला. सुरुवातीला लोक नाराज झाले, आता स्वतःच म्हणतात की निवडताना ट्रेक नव्याने कळतो.

निवडायचे कसे? सूर्योदयाचा एक ठेवा, ग्रुप फोटो एक ठेवा, बाकी फोटो वाटेचे हवेत. जिथे दोन वाटा फुटतात ती जागा, जिथे हात लावून चढावं लागलं तो पॅच, पाणी मिळालं ते ठिकाण, तंबू लावला ती जमीन. नेमके हेच फोटो लोकांकडे नसतात कारण तिथे कॅमेरा काढायचं सुचत नाही, म्हणून ज्याला बैठकीत बोलायचंय त्याला आम्ही निघायच्या आधीच हे सांगून ठेवतो. आणि सगळ्यात पहिली स्लाइड नकाशाची. कुठून निघालो, कुठे पोचलो, कुठे राहिलो, एवढं कळलं की मग पुढचं सगळं डोक्यात आपापल्या जागी बसतं.

'सहा तासात केला' म्हणजे नक्की काय?

नुसती वेळ सांगून काही कळत नाही. अंतर किती, चढ किती, सोबत कोण, सॅक किती जड, हे सोबत हवं. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा दिला तो आजही कामाला येतो, मीटरमध्ये आणलं तर साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर ३ अधिक दीड, साडेचार तास, विश्रांती वेगळी. आता कुणी म्हणालं आम्हाला आठ तास लागले तर लगेच विचारायचं, वरचे साडेतीन तास कुठे गेले? मग कळतं की वाट चुकलो होतो, एकाचा गुडघा धरला होता, धुक्यात तासभर बसून होतो. खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच लपलेली असते! फक्त स्मार्टवॉचमधल्या चढाच्या आकड्यावरून वाद घालू नका, दोन वेगळ्या घड्याळांचे आकडे एकाच वाटेवर वेगळे येतात, मोजायची पद्धतच वेगळी असते.

फसलेलं लपवणं, ही सगळ्यात मोठी चूक

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून नीट सांगते. बर्फ वितळून येणारा एक ओढा आम्ही ओलांडला होता, पाणी जेमतेम घोट्याच्या वर. बैठकीत मी फोटो दाखवला, 'इथे ओढा लागतो, सोपा आहे' म्हणाले आणि पुढे गेले. आम्ही तो पहाटे साडेपाचला ओलांडला होता हे काही मी सांगितलं नाही, मुद्दाम नाही, सुचलंच नाही. असल्या ओढ्यांना दिवसा ऊन वाढलं की बर्फ वितळून पाणी चढतं आणि रात्रीच्या गारठ्यानंतर पहाटे ते सगळ्यात कमी असतं. महिन्याभराने क्लबमधलीच दोघं तिथे दुपारी तीनला पोचली. पाणी मांडीच्या वर, गढूळ, आतून दगड गडगडत घरंगळतायत त्याचा आवाज येतोय. एकजण चार पावलं आत गेला, काठी वाकली, आणि सुदैवाने तो मागे फिरला. रात्र त्यांनी अलीकडेच काढली आणि सकाळी परत आले.

पुढच्या बैठकीत मी त्यालाच बोलायला उभं केलं. त्याच्याकडे एकच फोटो होता, ओल्या बुटांचा. सात मिनिटं बोलला असेल, पण मागच्या रांगेतही कुणी मोबाईलला हात लावला नाही, आणि त्यानंतर अर्धा तास प्रश्न चालले, बकल सोडून सॅक कधी सैल करायची, प्रवाहाकडे तोंड करून कसं जायचं, पाणी उतरायची वाट किती वेळ बघायची वगैरे. त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीत निदान एक तरी अनुभव 'इथून परत फिरलो' असा असतोच. समिटच्याच गोष्टी ऐकत राहिलं की नवीन माणसाला वाटतं परत फिरणं म्हणजे हरणं, आणि ज्या दिवशी फिरायला हवं त्या दिवशी तो फिरत नाही. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे अहवाल छापतो, काय झालं आणि कशामुळे झालं. आपली बैठक छोटी असली तरी हे काम तीही करू शकते.

एक मात्र सांभाळा. ज्याचा पाय घसरला, ज्याला उंचीवर त्रास झाला, जो घाबरून रडला, त्याला आधी विचारल्याशिवाय त्याची गोष्ट किंवा फोटो दाखवायचा नाही. हसण्यावारी तर अजिबात नेऊ नका, असा माणूस पुढच्या वेळी त्रास होत असला तरी लीडरला सांगणार नाही.

प्रश्नोत्तरं जुन्या लोकांनी खाणं

'आम्ही गेलो होतो तेव्हा तर वाटच नव्हती' असं एकाने सुरू केलं की दुसरा, तिसरा, आणि ज्याचा कार्यक्रम तो बाजूला उभा. यावर आमचा उपाय म्हणजे पहिले तीन प्रश्न ज्यांनी तो ट्रेक केलेला नाही त्यांचेच. जुन्या लोकांचं ज्ञान हवंच आहे, पण नंतर. आणि सामानाची चर्चा, कुठले बूट, कुठली जॅकेट, ती कार्यक्रम संपल्यावर उभ्याउभ्या करा.

ऐनवेळी पडदा काळा

हे सगळीकडे होतं त्यामुळे पटकन सांगते. अर्धा तास आधी या आणि सांगणाऱ्याचाच लॅपटॉप त्याच प्रोजेक्टरला लावून बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपना एचडीएमआयचं भोक नसतं, अॅडॅप्टर क्लबच्या पिशवीत कायम असू दे. आयफोनचे फोटो हेइक (HEIC) फॉरमॅटमध्ये असले तर जुन्या विंडोजवर बरेचदा उघडत नाहीत, आधीच जेपेग करून पेनड्राइव्हवर घ्या. उभा धरून काढलेला व्हिडिओ आडव्या पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग भरतो, मागच्यांना काही दिसत नाही. व्हिडिओतला वाऱ्याचा आवाज बंद करा आणि स्वतः बोला. खोलीत पूर्ण अंधार करू नका, पडद्याजवळचे दिवे तेवढे घालवा, बोलणाऱ्याला समोरचे चेहरे दिसले की कुठे लांबतंय ते त्याला आपोआप कळतं.

व्हॉट्सअॅपवर साधे पाठवलेले फोटो दाबले जातात आणि मोठ्या पडद्यावर फुटतात, म्हणून लोक डॉक्युमेंट करून पाठवतात, बरोबर आहे, पण मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि लोकेशन चालू असताना फोटो काढला असेल तर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही सोबत जातात. पक्ष्याचं घरटं, नाजूक फुलांचं पठार, एखादी अनोळखी गुहा, यांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी लोकेशन काढून टाका. बैठकीतही अशी जागा नकाशावर बोट ठेवून दाखवायची गरज नसते.

बोलून झालं की सगळं हवेत

हल्ली आम्ही एक जाड रजिस्टर ठेवलंय. प्रत्येक अनुभवानंतर सांगणाऱ्याने खुर्चीवरून उठायच्या आधी पाच ओळी लिहायच्या, कुठल्या महिन्यात गेलो, पाणी कुठे होतं, अवघड जागा कुठली आणि ती किती वाजता पार केली, कुठून सहज परत फिरता येतं, आणि पुन्हा गेलो तर काय वेगळं करीन. 'किती वाजता' हा शब्द मी लाल पेनने लिहून ठेवलाय. नवीन कुणी आलं की पहिल्यांदा ते रजिस्टर त्याच्या हातात देते.