फॉर्मसेटमधल्या विजेटला माहिती देण्याआधी

ऑर्डरचा फॉर्म, त्यात मालाच्या ओळी, प्रत्येक ओळीत मालाचा ड्रॉपडाउन; माल निवडला की त्या ग्राहकाला लागू असलेला दर शेजारी दिसायला हवा. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये अशा सारख्या ओळींच्या फॉर्मांचा संच म्हणजे फॉर्मसेट आणि ड्रॉपडाउन पानावर दाखवणारा भाग म्हणजे विजेट. हे लिहायला बसण्याआधी कागदावर तीन गोष्टी वेगळ्या करा: कोणती माहिती सगळ्या ओळींना सारखी, कोणती ओळीगणिक बदलणारी आणि कोणती एकेका पर्यायाची. इथे ग्राहक सगळ्या ओळींना सारखा, दर मात्र पर्यायाचा. हे ठरल्याशिवाय कोडला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

सारखी माहिती फॉर्मसेट बनवताना फॉर्म_क्वार्ग्जमधून (form_kwargs, प्रत्येक फॉर्मला नावानिशी पाठवायची माहिती) द्या. ही सोय जँगो 1.9 पासून आहे. ओळीगणिक बदलत असेल तर फॉर्मसेटची गेट_फॉर्म_क्वार्ग्ज ही मेथड ओव्हरराइड करा, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहा. नवी ओळ जोडण्यासाठीच्या एम्प्टी_फॉर्मला इंडेक्स (ओळीचा क्रमांक) म्हणून 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) येतो, त्याची सोय तिथेच करून ठेवा. फॉर्म तयार होताना चालणाऱ्या इनिट मेथडमध्ये आपली किल्ली (पाठवलेल्या माहितीचं नाव) सुपरच्या, म्हणजे मूळ क्लासच्या इनिटच्या, आधी पॉप करून काढून घ्या, नाहीतर टाइपएरर ठरलेला. सुपर झाल्यावर ती माहिती सेल्फ.फील्ड्समधल्या विजेटला द्या.

इथे सर्वांत जास्त जपायचं. प्रत्येक फॉर्मला फील्डची स्वतःची प्रत मिळते, पण विजेटची प्रत वरवरची असते: ॲट्र्स (एचटीएमएल ॲट्रिब्यूट्स) वेगळे होतात, आपण विजेटवर ठेवलेली दरांची डिक्शनरी मात्र तीच राहते. तिच्यातच भर घातलीत तर एका ग्राहकाचे दर दुसऱ्याच्या पानावर दिसतील. म्हणून दर वेळी नवी डिक्शनरी नेमा. विजेटच बदलणार असाल तर फील्डच्या चॉइसेस त्याला पुन्हा द्या, नाहीतर ड्रॉपडाउन रिकामा येईल.

पर्यायाला दर चिकटवायचा तर सिलेक्ट या ड्रॉपडाउनच्या विजेटचा सबक्लास करून एकेक पर्याय बनवणाऱ्या क्रिएट_ऑप्शन मेथडमध्ये डेटा-दर हे ॲट्रिब्यूट घाला. जँगो 3.1 पासून मॉडेलचॉइसफील्डच्या (डेटाबेसमधून पर्याय घेणारं फील्ड) व्हॅल्यूवर इन्स्टन्स, म्हणजे त्या मालाची नोंद, मिळतो. वरच्या रिकाम्या पर्यायाला तो नसतो, हे तपासा. मालाचे दर व्ह्यूमध्ये (पानाची विनंती हाताळणारा कोड) एकदाच काढून ठेवा. विजेटमध्ये क्वेरी गेली, तर 20 ओळी आणि 50 पर्यायांना 1000 क्वेऱ्या पडतील.

विजेटचं टेम्पलेट स्वतःचं असेल तर ते ॲपच्या टेम्पलेट्स फोल्डरमध्ये ठेवा. प्रोजेक्टच्या फोल्डरमधूनच हवं असेल तर सेटिंग्जमध्ये फॉर्म_रेंडररला टेम्पलेट्ससेटिंग द्या आणि इन्स्टॉल्ड_ॲप्समध्ये जँगो.फॉर्म्स जोडा. टेम्पलेटला रिक्वेस्ट आपोआप मिळत नाही. जे लागेल ते विजेटच्या गेट_कॉन्टेक्स्ट मेथडमधून पाठवा.

ब्राउझरकडून आलेल्या दरावर हिशोब करू नका. सेव्ह करताना तो डेटाबेसमधूनच घ्या. शेवटी एक ओळ मुद्दाम चुकीची भरून फॉर्म पाठवून बघा. फॉर्म_क्वार्ग्ज गेटला (फॉर्म दाखवताना) दिले आणि पोस्टला (भरलेला फॉर्म परत येताना) राहून गेले, तर ते इथेच उघड होतं.