पहिलं क्लायंबर मचाण घेताना: कमी खर्चातली, हंगामाआधीची तयारी

धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकायला निघालेला माणूस दुकानात शिरला की आधी किंमत बघतो, मग वजन, मग बसायची गादी किती जाड आहे ते. ज्या झाडावर चढायचं ते त्याला सगळ्यात शेवटी आठवतं. मी म्हणतो, यादी उलटी धरा. आधी झाड, मग तुमचं स्वतःचं वजन, मग पडताना धरून ठेवणारा अंगावरचा हार्नेस, आणि मग उरलेल्या पैशांत मचाण. या क्रमाने गेलात तर दीड-दोनशे डॉलरचं साधं लोखंडी क्लायंबर, म्हणजे खोडावर सरकवत चढायचं मचाण, तेही वर्षानुवर्षं चोख काम देतं. क्रम चुकला तर चारशे डॉलरचं ॲल्युमिनियमचं मचाण गॅरेजमध्ये धूळ खात पडतं.

हे लिहितोय ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथली परिस्थिती वेगळी. लांडगे इथून केव्हाच संपले, पांढऱ्या शेपटीची हरणं मात्र उपनगरांच्या परसापर्यंत पोचली, आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम राज्य सरकार परवानाधारक शिकाऱ्यांकडून करून घेतं. तेव्हा यादीतलं पहिलं काम कागदपत्रांचं. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला, वय काहीही असो, हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स करावाच लागतो. न्यू जर्सीत धनुष्यासाठी वेगळा कोर्स आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदुकीच्या बाबतीत केंद्रीय कायद्याच्या अटी बऱ्याच कडक आहेत. धनुष्य त्या कायद्याच्या लेखी बंदूक नाही, त्यामुळे आपल्यातल्या नव्या माणसाला सुरुवात करायला ते सोयीचं पडतं. राज्याचे नियम मात्र दरवर्षी नव्याने वाचा.

आता झाड. क्लायंबर म्हणजे दोन सुट्या चौकटी. वरची बसायची, खालची पाय ठेवायची. दोन्ही खोडाभोवती केबलने अडकवायच्या, वरच्या चौकटीवर भार टाकून पायांनी खालची वर ओढायची, मग उभं राहून वरची पुढे सरकवायची, असं करत चढायचं. म्हणजे खोड सरळ हवं आणि जितकं चढायचं तितक्या उंचीपर्यंत फांदी नको. तुमच्या जागेवर अशी झाडं नसतील तर क्लायंबर घेऊच नका. शिडीचं मचाण बघा. बहुतेक क्लायंबर साधारण ८ ते २० इंच जाडीच्या खोडाला बसतात. शिंप्याची टेप खिशात टाकून उन्हाळ्यातच जागेवर जा आणि छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा. घेर २५ इंच भरला तर जाडी ८ इंच, ६३ भरला तर २०. मला ३८ ते ५० इंच घेराचं झाड सगळ्यात आवडतं: डुलत नाही, आणि केबलही पुरते.

इथल्या जंगलात ट्यूलिप पॉपलर हे क्लायंबरसाठी देवासारखं झाड, सरळसोट आणि खाली फांदी नसलेलं. रेड ओकही चांगला. शॅगबार्क हिकरीच्या सालीचे लांब पट्टे सुटे असतात, मचाणाचे दात धरायच्या आधीच साल निघून येते. त्याच्या वाटेला जाऊ नका. बीचची साल गुळगुळीत, ओली किंवा बर्फाळ असली की धोक्याची. ॲशचं झाड तर दुरूनच ओळखायला शिका. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला, आणि तेव्हापासून इथले ॲश उभ्याउभ्या वाळताहेत. वरून ठीक दिसणारं खोड आतून ठिसूळ असतं. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दिसली, शेंड्याला पानं नसली, तर पुढचं झाड बघा. आणखी एक, खोडावर दोरासारखी जाड, केसाळ वेल चढलेली असेल तर ती बहुधा पॉयझन आयव्ही. नोव्हेंबरमध्ये पानं झडलेली असली तरी वेलीतला चीक अंगावर पुरळ उठवतोच, आणि तुम्ही तर त्या खोडाला मिठी मारून चढणार.

वजनाचा हिशोब लोक स्वतःच्या वजनावर थांबवतात. मचाणावर लिहिलेली ३०० पाउंडांची मर्यादा तुमच्यासकट अंगावरच्या आणि वर नेलेल्या सगळ्या सामानाची असते. माणूस २२०, थंडीचे कपडे आणि बूट १५, बाणांसकट धनुष्य ६, पाठीवरची पिशवी १५, म्हणजे २५६ झाले. मर्यादेच्या अगदी काठावर असाल तर ३५० पाउंडांचं मॉडेल घ्या, तिथे पैसे वाचवू नका. हार्नेसची स्वतःची मर्यादा वेगळी छापलेली असते, तीही वाचा.

हार्नेसवर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त हात आखडतात ते इथेच. अनेक राज्यांत शिकारीतल्या दुखापतींचं मोठं कारण गोळी नसून मचाणावरून पडणं हे आहे, आणि पडणाऱ्यांत जुने, सराईत लोकही असतात. मचाण बनवणाऱ्यांच्या संघटनेचं, ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं प्रमाणपत्र असलेल्या मचाणाबरोबर खोक्यातच पूर्ण अंगाचा हार्नेस येतो. तो दिसायला गुंतागुंतीचा, पट्ट्यांचा गुंता असतो, म्हणून बरेचजण घालतच नाहीत. नुसता कमरेचा किंवा छातीचा पट्टा चालणार नाही. पडल्यावर तोच जीव घेऊ शकतो. खोक्यातला हार्नेस तुम्हाला नीट बसत असेल तर तोच वापरा, पैसे वाचले. बसत नसेल, किंवा अंधारात जॅकेटवरून घालताना हात अडकत असतील, तर जाकिटासारखा घालायचा हार्नेस शंभरेक डॉलरला मिळतो. तो घ्या आणि मचाण एक पायरी स्वस्त घ्या. त्यावरची उत्पादनाची तारीख बघा. बहुतेक कंपन्या पाच वर्षांची मुदत देतात. एकदा पडण्याचा झटका सोसलेला हार्नेस कापून टाका, कोणाला देऊही नका.

घरी हार्नेस घालून आरशासमोर उभे राहा. मांडीचे पट्टे दोन बोटं जातील इतके घट्ट, छातीचा पट्टा काखेच्या रेषेत. हार्नेस खोडाला बांधायचा दोर डोक्याच्या उंचीवर असावा आणि बसल्यावर त्यात ढील उरू नये. चढताना प्रत्येक टप्प्याला तो दोर आधी वर सरकवायचा, मग मचाण. जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत हा दोर सुटता कामा नये, हा नियम माझ्या घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. पडून लटकलात तर पायांत रक्त साचतं आणि थोड्याच वेळात माणूस बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून पाय अडकवून उभं राहता येईल असा मोकळा पट्टा हार्नेसच्या उजव्या खिशात, सहज हाताला येईल असा ठेवा. नवऱ्याने किंवा बायकोने एकदा तो काढून वापरलेला पाहिलेला असावा.

एवढं झालं की मग मचाण. धनुष्यासाठी पुढची बाजू मोकळी हवी. समोर आडवी दांडी असलेली मॉडेल बंदूकवाल्यांना आवडतात, बंदूक टेकवायला बरी. धनुष्याचं खालचं टोक मात्र तिला आपटतं. दांडी काढता येत असेल तर हरकत नाही. उभं राहून बाण सोडायचा असेल तर बसायची जागा मागे दुमडली पाहिजे. पायाची चौकट तुमच्या बुटांना पुढेमागे होऊ देईल एवढी तरी हवी. गादीवर एक डॉलर जास्त घालवू नका, फोमचा तुकडा कापून बसवता येतो.

लोखंडी की ॲल्युमिनियम? लोखंडी मचाण २५ ते ३० पाउंडांचं, म्हणजे १२-१३ किलो. ॲल्युमिनियमचं समिट व्हायपरसारखं २० पाउंडांच्या आसपास, तीनशे पाउंडांचा भार घेणारं, पण किंमत दुपटीच्या घरात. गाडीपासून झाड पाव मैलावर असेल तर लोखंडी घ्या आणि वाचलेले पैसे बाणांत घाला. मैलभर चढ चढून जायचं असेल तर ॲल्युमिनियम परवडतं, कारण वर पोचेपर्यंत घामाने भिजलात तर थंडीत दोन तासही बसवणार नाही. स्वस्त मचाणाचे पाठीवरचे पट्टे बहुधा भिकार असतात, ते जुन्या सॅकचे काढून लावा.

लोखंडाचा खरा दोष आवाज. हरीण वीस यार्डांवर असताना चौकटीचा एक ठणका पुरतो. दोन्ही चौकटी एकमेकींत बसवून हलवून बघा, जिथे धातू धातूला लागतो तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळा, बोल्टला नायलॉनचे वायसर घाला, पान्ह्याने आवळा. केबल पोकळ नळीत खुळखुळत असेल तर नळीच्या तोंडाशी फोम. संध्याकाळभराचं काम आहे आणि दहा डॉलरच्या आत होतं. केबल अडकवायच्या खिट्या छोट्या दोरीने चौकटीला बांधून टाका, आणि एक जास्तीची पिशवीत ठेवा; अंधारात पाचोळ्यात पडलेली खिटी सापडत नाही.

जुनं घ्यायचं तर केबल हातात घेऊन पूर्ण लांबी बोटांनी चाचपा. रबराच्या आवरणाला चीर असेल तर आत पाणी गेलेलं आणि गंज धरलेला असतो, बाहेरून काही कळत नाही. वेल्डिंगच्या जागी तडा, वाकलेली नळी, कोणी घरी ठोकलेला बोल्ट, यातलं काहीही दिसलं तर परत या. मॉडेलचं नाव घेऊन कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या सरकारी संस्थेच्या यादीत ते परत मागवलेलं नाही ना, ते बघा. जुना हार्नेस तर फुकट मिळाला तरी नको.

नवं असो की जुनं, वरची आणि खालची चौकट जोडणारा दोर आहे का, ते आधी पाहा. हा दोर क्षुल्लक दिसतो आणि लोक तो काढून ठेवतात. वीस फुटांवर तुम्ही वरच्या चौकटीत बसलात, पाय उचलले, आणि खालची चौकट सुटून खोडावरून घसरली, तर खाली यायला पायाखाली काहीच नाही. दोर असेल तर ती दोन फुटांवर अडकते आणि पायाने ओढून घेता येते.

सराव हातभर उंचीवर सुरू करा. खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून जमिनीपाशी मचाण सपाट लावलंत तर वर गेल्यावर त्याची पुढची बाजू खाली झुकते. सुरुवातीला पुढची बाजू काही इंच वर ठेवा, म्हणजे हव्या उंचीवर ते सपाट येतं. किती वर, ते प्रत्येक झाडाचं वेगळं. केबलच्या कितव्या भोकात खिटी घातली ते वहीत लिहून ठेवा. वर बसून केबल बदलण्याची पाळी येऊ देऊ नका. दव गोठलेलं असेल, पाऊस असेल, वारा खोड हलवत असेल, तर चढू नका.

उंचीची हाव नको. पंधरा ते वीस फूट पुरतात. त्याहून वर गेलात तर बाण इतका तिरपा जातो की दोन्ही फुप्फुसांतून जाणं अवघड होतं, आणि जखमी हरीण रात्रभर जंगलात तडफडणं हे कोणत्याही शिकाऱ्याच्या मनाला लागलं पाहिजे. कोनाचा हिशोब करणारा महागडा रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, तोही या उंचीला लागत नाही. वीस फुटांवरून, बुंध्यापासून २० यार्डांवरचं हरीण तिरप्या रेषेत जेमतेम २१ यार्ड भरतं. ३० यार्डांवर फरक एका यार्डाहूनही कमी. साधा रेंजफाइंडर घ्या आणि आधीच आजूबाजूच्या चार झाडांची अंतरं मोजून ठेवा. हार्नेस घालून, उंचीवरून बाण सोडायचा सराव मात्र भरपूर हवा. खाली नेम धरताना हात खाली न नेता कमरेतून वाका. उजव्या हाताने दोरी ओढत असाल तर हरणांची वाट तुमच्या डाव्या अंगाला येईल असं मचाण फिरवून लावा.

धनुष्य हातात घेऊन कधीच चढू नका. वर बसून, दोर बांधून झाला की वीस फुटांच्या दोरीने ओढून घ्या, बाणांची धारदार टोकं, म्हणजे ब्रॉडहेड, भात्यात झाकलेली. जॅकेटही पिशवीत, वर पोचून घालायचं.

पेनसिल्व्हेनियात सरकारी गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी खुल्या सरकारी जंगलात, झाडाला इजा होईल असं मचाण चालत नाही, आणि मचाणावर मालकाची ओळखपट्टी लागते. वस्तीच्या घरापासून धनुष्यासाठी ५० यार्ड सोडायचे. खासगी जमिनीवर मालकाला आधी विचारा, झाडही दाखवा. हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो आणि माजावर आलेले नर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त फिरतात, म्हणजे दिवाळीच्या आसपास. घरच्यांशी त्या तारखा आधीच बोलून घ्या. निघताना कोणत्या झाडावर आहात आणि किती वाजता उतरणार ते घरी सांगा. फोन आणि शिट्टी छातीच्या खिशात, पाठीवरच्या पिशवीत नाही.

आणि पैसे कमी असतील तर खरेदीची वेळ सांभाळा. जानेवारीत हंगाम संपला की दुकानं मचाणं स्वस्तात काढतात. तेव्हा घ्या, उन्हाळाभर सराव करा. स्वतःचं मचाण त्याच सुमारास धुऊन, वाळवून घरात ठेवा, बाहेर झाडाला लावून ठेवू नका, उंदीर पट्टे कुरतडतात आणि ऊन ते कुजवतं. हार्नेसची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर टाका.